तुमचं मी बघून घेतो

हुरड्याचे दिवस आले की आधी कळतं माझ्या नाकाला. सोलापुरात भवानी पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. सोमवारी सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक आदल्या दिवशीचं शेत अंगावर घेऊनच येतं. स्वेटरला गोवरीच्या धुराचा वास, नखांत हिरवं, चेहऱ्यावर थोडी लाज. "म्याडम, पोट गच्च झालंय बगा. काल जरा हुरडा ज्यादा झाला." जरा म्हणजे किती, हे मी विचारत नाही. हुरड्यावर शेंगाची चटणी, त्यावर दही, वर गूळ, रेवड्या आणि निघता निघता ऊस, एवढं सगळं पोटात ढकलून माणूस 'जरा' म्हणतो. मी गोळ्या देते, दोन शब्द ऐकवते आणि मला अजून कुणाचं आमंत्रण कसं नाही म्हणून मनातल्या मनात चरफडते.

यंदा तो वास आला तेव्हा मात्र चरफडायचं राहूनच गेलं. गोळ्यांची पट्टी हातात तशीच राहिली आणि गेल्या वर्षीचं एक वाक्य कानात उभं राहिलं. पाच शब्दांचंसुद्धा नाही ते. 'तुमचं मी बघून घेतो.' एवढ्याशा वाक्यानं आमचा अख्खा हंगाम नासवला होता.

झालं असं की, आम्ही काही हौशी माणसं एक संकेतस्थळ चालवतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बोलीतले शब्द त्यावर गोळा होतात. कुणीही यावं, आपल्या गावचा शब्द लिहावा, अर्थ लिहावा, आवाज टाकावा. पगार कुणालाच नाही. मान आहे, पण तोही आपापसात भांडण्यापुरता. मराठी माणसं शब्दांवरून भांडणार नाहीत तर कशावरून भांडणार. भांडणं वाढत गेली तेव्हा सभासदांनी मतदान करून तिघांचं एक सलोखा मंडळ नेमलं. साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक इनामदार सर, नागपूरच्या बँकेत काम करणाऱ्या वंदनाताई आणि सोलापूरची मी. मला का निवडलं असेल, तर मी भांडणात कुणाचीच बाजू घेत नाही म्हणून. खरं सांगायचं तर दुकानात उभं राहून मला दोन्ही बाजू वाचायलाच वेळ व्हायचा नाही.

मंडळाचा एक नियम मला फार आवडायचा. मंडळानं शब्दाच्या अर्थात पडायचं नाही. कुणाचा अर्थ खरा, हे ठरवणं आमचं काम नव्हे. कोण कसं वागलं एवढंच पाहायचं, आणि तेही पानावर जे लिहिलंय त्यावरून. खाजगीत कुणाला फोन नाही, चहा नाही, ओळखदेख नाही. आमच्या हातात मोठी शिक्षा एकच होती, माणसाला कायमचं बाहेर काढण्याची. आणि निकाल कारणांसकट उघड्या पानावर लावायचा, म्हणजे आम्ही काय केलं हे जगाला दिसावं. किती स्वच्छ वाटायचं हे सगळं. दुकानातही माझं असंच आहे. रोग्याला काय झालंय हे मी सांगत नाही. चिठ्ठीवर जे आहे ते देते.

गेल्या वर्षी ज्वारीच्या कणसात दूध भरायला लागलं होतं तेव्हा भांडण सुरू झालं, आणि तेही 'आगटी' या शब्दावरून. रेवती नावाची एक मुलगी, पुण्यात भाषांतराची कामं करणारी, आजोळ सोलापूरजवळच्या मंद्रूपचं. तिनं लिहिलं, आगटी म्हणजे शेकोटी. तिकडच्याच वळसंगच्या बसवराजनं ते खोडलं. आगटी म्हणजे हुरडा भाजायला जमिनीत करतात तो गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा खड्डा. दोघांचंही खरं होतं. दोन्ही म्हणतात. पण बसवराज हा माणूस म्हणजे सरळ बोलला तर जीभ झिजेल अशा वळणाचा. 'चूक. काढलं.' एवढंच लिहायचा. रेवतीनं पुन्हा घातलं, यानं पुन्हा काढलं. मग तिच्या दुसऱ्या नोंदींवर गेला, तिसऱ्यावर गेला. चूक, काढलं, चूक, काढलं. मी ते वाचत होते आणि त्याला दोन रट्टे द्यावेत असं मला मनापासून वाटत होतं.

शेवटी रेवतीनं विचारलं, "माझ्या इतक्या नोंदी आहेत. सगळ्यांवर तुम्ही असंच करणार का?"

त्यावर त्याचं उत्तर आलं. "तुम्ही काळजी करू नका. तुमचं मी बघून घेतो."

दुसऱ्या दिवशी मंडळाकडे तिची तक्रार आली. तिनं फार काही लिहिलं नव्हतं. हा मनुष्य माझ्या मागं लागला आहे, आता धमकी देतो आहे, माझं आजोळ कुठलं हे त्याला माहीत आहे, याला बाहेर काढा. आणि खाली एक ओळ. आमच्या सभासदांचा त्या वर्षीचा हुरडा मंद्रूपला तिच्याच मामाच्या शेतावर ठरला होता. तिनं लिहिलं होतं, तो येणार असेल तर माझ्या मामाच्या शेतावर मीच येणार नाही.

मंडळाची पहिली बैठक झाली, तीही सगळे आपापल्या घरी, फोनच्या पडद्यावर. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढून आत बसले होते. सर म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काही नाही. बघून घेतो म्हणजे बघून घेतो." वंदनाताई म्हणाल्या, "आणि ते एका मुलीला." मलाही तसंच वाटलं. तिघांचं एकमत व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. निकालाचा मसुदा सर लिहिणार होते.

मसुद्याच्या आधी बसवराजचं म्हणणं आलं. त्याची भाषा पुस्तकी होती. त्यालाही कारण होतं. पूर्वी तो चर्चेच्या पानावर 'हाय', 'न्हाय', 'कुटं' असं लिहायचा, तेव्हा कुणीतरी त्याला झापलं होतं की नोंदी बोलीत करा, पण चर्चा प्रमाण भाषेत करा, सगळ्यांना कळली पाहिजे. तेव्हापासून हा माणूस इस्त्री केलेल्या मराठीत लिहू लागला. त्यानं लिहिलं होतं, "मी सोलापुरात मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा मदतनीस आहे. तुमच्या निकालाचं पान कुणीही वाचू शकतं. त्यात 'धमकी' हा शब्द घालण्यापूर्वी मंडळानं विचार करावा."

सर म्हणाले, "बघा. आता मंडळालाही धमकी."

मी हसले, पण ते हसू पोचलं नाही कुठं. मुलींची शाळा. आमच्या पानावर 'एका मुलीला धमकी दिल्याबद्दल' असं त्याच्या नावासकट लागलं, आणि ते संस्थाचालकांपैकी कुणाच्या हाती पडलं, तर त्याला कोण विचारत बसणार होतं? आम्ही म्हणायचो, आमचा अधिकार संकेतस्थळापुरता. अधिकार असेल तेवढ्यापुरता. निकाल मात्र तिथं बसून राहत नाही, तो रस्त्यानं चालत माणसाच्या नोकरीपर्यंत जातो. तीन हौशी माणसांच्या हातात एवढी ताकद आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

दुकानात माझी एक सवय आहे. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर मी अंदाजानं गोळी देत नाही. गिऱ्हाईक कितीही कावलं तरी फोन लावते आणि विचारते, काय लिहिलंय तुम्ही. मग बसवराजला आम्ही विचारलं होतं का? नव्हतं. खाजगीत विचारायची बंदी, म्हणून मी उघड्या पानावर सगळ्यांदेखत विचारलं, "या वाक्यात तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

त्याचं उत्तर आलं, "जे लिहिलं तेच."

त्याच्या जिभेचं काय करावं, मला कळेना. माणूस बुडत असतो आणि दोरी टाकली तर दोरीच्या जाडीवरून वाद घालतो. सर म्हणाले, झालं समाधान? मसुदा तयार झाला. कायमचं बाहेर. रविवारी दुपारी तिघांनी होकार द्यायचा की पान लागणार.

त्या दिवसांत मला हुरड्याचा वास नकोसा झाला. गिऱ्हाईक आलं की मी गोळ्या पुढं सरकवायचे आणि बोलायचे नाही. माझ्या नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालंय तुला. मी म्हटलं, काही नाही, एका माणसानं एका मुलीला एक वाक्य लिहिलंय. तो म्हणाला, "आणि त्यात तू का जेवत नाहीस?" रेवतीचा विचार आला की वाटायचं, तिच्या जागी माझी मुलगी असती तर मी एवढा खल केला असता का. शाळेचा विचार आला की वाटायचं, त्याच्या जागी माझा भाऊ असता तर. दोन्ही बाजूंना मी रक्ताचं माणूस उभं करून बघत होते आणि त्यानं काही उजेड पडत नव्हता.

शनिवारी एक म्हातारं जोडपं दुकानात आलं. वळसंगकडचं. आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, डोक्यावरून पदर. आजोबांनी चिठ्ठी पुढं केली. दोन बाटल्या, एक दर दोन तासांनी, दुसरी दिवसातून चारदा, मध्ये थोडं अंतर ठेवायचं. मी समजावून सांगितलं. मग काळजी वाटली म्हणून म्हटलं, "आजोबा, घरात कुणी शिकलेलं आहे का? चुकून चालणार नाही हां."

आजोबा म्हणाले, "तुमी कशाला काळजी करता? म्या हाय की. हिचं मी बगून घेतो."

आणि मग आजीकडे वळून कानडीत तेच, "ना नोडकोतीनी." आजी काळ्या चष्म्याआडून हसली, आणि तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

माझ्या हातातली पिशवी काउंटरवरच राहिली. नोडको. बघून घे. कानडीत हा रोजचा शब्द आहे, लेकराला सांभाळ, म्हशीला सांभाळ, दुकानाकडं लक्ष ठेव. धाक दाखवायलाही तोच वापरतात म्हणा, पण घरात दिवसभर ऐकू येतो तो सांभाळण्याचाच. त्या भागात माणसं घरात कानडी बोलतात आणि दारात मराठी, आणि उंबरा ओलांडताना शब्द असाच आत-बाहेर करतो. 'तुमी काळजी करू नका. तुमचं मी बगून घेतो की.' असं त्यानं लिहिलं असतं, तर मी तरी ते वाचून घाबरले नसते; तुमच्या नोंदींकडं मी लक्ष देतो, एवढंच ऐकू आलं असतं. पण आम्ही त्याला शुद्ध लिहायला लावलं होतं. त्यानं आज्ञाधारकपणे 'की' काढला, 'बगून'चं 'बघून' केलं, आणि सांभाळण्याचं वाक्य धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवलं. पुण्यात उघडलं तेव्हा ती धमकी झाली होती.

मग त्यानं हे सांगितलं का नाही? कारण त्याच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. जे लिहिलं तेच.

मी आजोबांचे सुटे पैसे द्यायचेसुद्धा विसरले. ते मागं आले, "म्याडम, धा रुपये राहिले की," तेव्हा भानावर आले.

आता नवीच पंचाईत. शब्दाच्या अर्थात पडायचं नाही हा आमचा नियम, आणि अख्खा खटला शब्दाच्या अर्थावर उभा. शिवाय मी पानावरचं सोडून दुकानातलं ऐकलेलं होतं. ते मनात ठेवून मत दिलं तर पान वाचणाऱ्याला कळणार नाही की हिनं असं का केलं. रविवारी मी सर आणि वंदनाताईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "या निकालात मी मत देणार नाही. मी साक्ष देते, उघड्या पानावर, माझ्या नावानं. निकाल तुम्ही दोघं द्या."

सर चिडले. "असं मधूनच उठता येत नाही. आणि उद्या प्रत्येक जण म्हणेल, आमच्याकडे शिवी म्हणजे आशीर्वाद."

वंदनाताई म्हणाल्या, "सुनंदाताई, मला एक सांगा. प्रत्येक वेळी बाईनंच समजून घ्यायचं का? त्याच्या मनात काय होतं ते त्याचं. तिच्यापर्यंत जे पोचलं ते तर खरंच पोचलं ना?"

त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकले नाही. आजही म्हणणार नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की, तिला भीती वाटली हे लिहा, शंभरदा लिहा. पण त्यानं धमकी दिली हे वेगळं वाक्य आहे, आणि ते लिहिलं तर ते शाळेपर्यंत जाईल.

मी साक्ष लिहिली. दुकानात ऐकलेलं, वळसंगचे एक आजोबा एवढंच म्हणून, नाव न घालता, जसंच्या तसं. मग मी पडद्याबाहेर झाले आणि ते दोघं आत राहिले. कायमचं बाहेर काढायला किमान दोन मतं लागत. दोघांचीही. मी औषधांच्या तारखा तपासत बसले, एकच खोका पुन्हा पुन्हा उघडत होते. शेजारच्या चादरीच्या दुकानातला माणूस डोकावून म्हणाला, "ताई, आज रविवारी बी दुकान?" मी म्हटलं, "व्हय."

निकाल संध्याकाळी लागला. त्यात धमकी हा शब्द नव्हता. बसवराजनं चर्चा न करता वारंवार नोंदी काढल्या, हे गैर आहे, पुढच्या हुरड्यापर्यंत त्यानं रेवतीच्या नोंदींना हात लावू नये, एवढंच होतं. आणि वंदनाताईंनी हट्टानं घातलेली एक ओळ होती. 'रेवतीला भीती वाटली. ती भीती खोटी नव्हती.' आमच्या मंडळाच्या सगळ्या निकालांत मला ती एकच ओळ पाठ आहे.

कुणी खूश झालं नाही. बसवराजनं काही लिहिलंच नाही. रेवतीनं लिहिलं, "अर्थ कळला. पण त्या दिवसांत मी फोनला दचकत होते. मामाला येत नाही म्हणून कळवलं आणि कारण खोटं सांगितलं. हे मी कुठल्या नोंदीत लिहू?" कोण कसं वागलं हे आम्ही ठरवू शकतो, माणसाला आत ठेवू शकतो, बाहेर काढू शकतो. कुणाच्या छातीतली धडधड परत घेता येत नाही. ते आमचं कामच नव्हे असं सर म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. तरी मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या वर्षीच्या हुरड्याला ना ती आली, ना तो. मी गेले. मालदांडी ज्वारीचा कोवळा हुरडा होता, चटणी झणझणीत होती आणि मला कशाचीच चव लागली नाही. रेवतीच्या मामांनी विचारलं, "आमची भाची काय म्हनती? लई काम हाय म्हनं तिला." मी म्हटलं, "हो, लई काम आहे." ते बिचारे माझ्या पानात आणखी हुरडा टाकत राहिले.

आणि यंदा परवाच्या रविवारी पुन्हा मंद्रूप, पुन्हा तेच शेत. आमंत्रण आलं एकदाचं. मी पोचले तेव्हा आगटी पेटून निवली होती, खाली लाल निखारे, वर राखेची साय. एका अंगाला रेवती बसली होती. फोटोत दिसते त्याहून लहान आहे. आणि पलीकडे, माणसांच्या कडेला, एक उंच, खांद्यात वाकलेला मनुष्य भाजलेली कणसं हातावर चोळत होता. दाणे सुपात पडत होते आणि तो मान वर करत नव्हता. बसवराज. कुणीतरी ओळख करून दिली तेव्हा त्यानं मला नमस्कार केला. आभार वगैरे काही नाही. "त्या आजोबांचं नाव काय वो?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. "वळसंगचं म्हनता, मग कोन असंल," असं पुटपुटत तो पुन्हा चोळायला लागला.

सगळेजण बोलत होते आणि सगळ्यांचं लक्ष त्या दोघांकडे होतं. मामांना काही ठाऊक नसल्यामुळे ते एकटेच मोकळे हसत होते. त्यांनी रेवतीला हाक मारली, विहिरीवर चल, मोटार दाखवतो. ती उठली. तिची पिशवी तिथंच होती, आगटीजवळ, वर फोन, बाजूला चप्पल काढलेली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मी अगदी हाताशी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मला सोडून पलीकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली. आवाज जरा कापरा होता, पण मोठा होता. "माझं जरा बघून घ्या की."

बसवराजचे हात थांबले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, शब्द तपासून बघावा तसं. मग म्हणाला, "व्हय. जावा तुमी."

ती गेली. तो उठला, पिशवी उचलली, धुराच्या तोंडावरून काढून बाभळीच्या सावलीत ठेवली, फोन पिशवीच्या आत सरकवला, चपला उचलून शेजारी जोडून ठेवल्या, आणि ती विहिरीवरून परत येईपर्यंत तिथंच उभा राहिला.